सामाजिक-भावनिक कौशल्ये: मानसशास्त्र काय सांगते आणि आपल्या तरुणांनी त्यातून काय घ्यावे

मुलाखत देऊन आलेल्या मुलाला "कसे झाले?" असे विचारले की हल्ली एक उत्तर हमखास येते. "विषयाचे प्रश्न चांगले गेले, पण सॉफ्ट स्किल्स कमी पडतात म्हणाले." वसतिगृहात, अभ्यासिकेत, वस्तीतल्या कट्ट्यावर हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कोणी विचारतच नाही. इंग्रजी बोलताना अडखळणे, नजरेला नजर न देणे, पॅनेलसमोर घाम फुटणे, "वडील काय करतात?" या प्रश्नावर क्षणभर गप्प होणे, हे सगळे एकाच पिशवीत भरले जाते आणि ती पिशवी मुलाच्या हातात दिली जाते. तो ती घरी घेऊन येतो आणि समजतो की खोट आपल्यातच आहे.

त्या पिशवीत नेमके काय आहे, हे आम्हाला इथे उघडून दाखवायचे आहे. मानसशास्त्रात या विषयावर शंभर वर्षांहून अधिक काळ काम झाले आहे. त्यातले बरेच शिकण्यासारखे आहे, काही तपासून घेण्यासारखे आहे, आणि काही गोष्टी अशा आहेत की त्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात सहसा सांगितल्या जात नाहीत.

संकल्पना कुठून आली

१९२० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 'सामाजिक बुद्धिमत्ता' ही कल्पना मांडली. माणसे समजून घेणे आणि त्यांच्याशी शहाणपणाने वागणे ही पुस्तकी हुशारीपेक्षा वेगळी क्षमता आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९८३ मध्ये हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धिमत्तेचे अनेक प्रकार सांगितले. त्यात स्वतःला ओळखण्याची आणि दुसऱ्याला ओळखण्याची बुद्धिमत्ता होती. १९९० मध्ये पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी 'भावनिक बुद्धिमत्ते'ची शास्त्रीय मांडणी केली. पुढे त्यांनी तिचे चार भाग पाडले: भावना ओळखणे, विचार करताना तिचा उपयोग करणे, ती कशातून येते आणि कशात बदलते हे समजणे, आणि ती हाताळणे. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने हा विषय जगभर पोहोचवला. "बुद्ध्यांकापेक्षा भावनांक महत्त्वाचा" ही घोषणा त्यानंतरची. मूळ मांडणी करणाऱ्या मेयर आणि सॅलोव्हे यांना असे ढोबळ दावे मान्य नव्हते, हे मात्र त्या घोषणेबरोबर कोणी सांगत नाही.

या इतिहासातले एक नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही: डॉ. जेम्स कोमर. हे कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ. आई लोकांच्या घरी काम करायची, वडील पोलाद कारखान्यात मजूर. १९६८ मध्ये येल विद्यापीठाच्या त्यांच्या गटाने न्यू हेवन शहरातल्या दोन प्राथमिक शाळांत काम सुरू केले. मुले बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय. गुण आणि हजेरी दोन्हींत या शाळा शहरात तळाला. शिक्षक म्हणत, मुलांना वळण नाही. कोमर यांचे निदान वेगळे होते. घरातले जग आणि शाळेचे जग यांत दरी आहे, दोन्हीकडे एकमेकांवर विश्वास नाही आणि मूल त्या दरीत सापडले आहे, असे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी मुलांना नुसती शिस्त लावण्यावर भर दिला नाही. पालकांना शाळेच्या कारभारात बसवले, शिक्षक, पालक आणि मानसिक आरोग्य कर्मचारी यांचे गट केले, आणि दोष कोणाचा हे शोधण्याऐवजी अडचण कशी सुटेल यावर बैठका घेतल्या. काही वर्षांत गुण वाढले, हजेरी वाढली, वर्तनाच्या तक्रारी कमी झाल्या.

आज ज्याला 'सामाजिक-भावनिक शिक्षण' म्हणतात त्याच्या मुळाशी हे काम आहे. वंचित मुलांच्या शाळेत, शाळाच बदलून सुरू झालेली ही गोष्ट पुढे मुलालाच बदलण्याचा तासाभराचा वर्ग कशी झाली, हा खरे तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पाच कौशल्ये, आणि त्यांतले दोन जरा सविस्तर

१९९४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'कॅसेल' या संस्थेने केलेली मांडणी आज सर्वाधिक वापरली जाते. त्यात पाच गोष्टी येतात: स्वतःची जाणीव, स्वतःचे नियमन, सामाजिक जाणीव, नाती सांभाळण्याचे कौशल्य आणि जबाबदारीने निर्णय घेणे. जागतिक आरोग्य संघटनेची 'दहा जीवनकौशल्ये' शाळेत ऐकली असतील, तीही याच कुळातली. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात याचा उल्लेख आहे, आणि दिल्ली सरकारने २०१८ पासून शाळांत 'हॅपिनेस' अभ्यासक्रम चालवला.

'कौशल्य' या शब्दावर आमचा भर आहे. पोहणे किंवा सायकल चालवणे जसे शिकता येते, तसे हे शिकता येते, हा या संशोधनाचा गाभा. "मी जन्मतःच तापट" किंवा "ती पहिल्यापासून बुजरी" हे शेवटचे वाक्य नसते. २०११ मध्ये जोसेफ डुरलॅक आणि सहकाऱ्यांनी २१३ शालेय कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत २,७०,०३४ विद्यार्थी होते. असे शिक्षण मिळालेल्या मुलांचे वर्तन सुधारले, मानसिक त्रास कमी झाला, आणि अभ्यासातली प्रगती सरासरी ११ शततमक अंकांनी पुढे गेली. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत पन्नासाव्या जागेवरचे मूल साधारण एकसष्टाव्या जागेवर गेले.

स्वतःची जाणीव म्हणजे पहिल्यांदा भावनेला नाव देता येणे. सोपे वाटते, पण तसे नाही. आपल्याकडे कोणालाही विचारा, "काय झाले?" उत्तर येते, "टेन्शन आलंय." या एका शब्दात धास्ती आहे, हिरमोड आहे, चीड आहे, लाज आहे, अपमान आहे, एकटेपण आहे. मराठीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा आहे. धास्तीला तयारी लागते. अपमानाला साक्षीदार लागतो, न्याय लागतो. हिरमोडाला थोडा वेळ पुरतो. सगळ्याला 'टेन्शन' म्हटले की उपायही एकच उरतो: मोबाईल नाहीतर तंबाखू. लिसा फेल्डमन बॅरेट यांनी भावनांतला असा बारीक भेद ओळखणाऱ्या लोकांचा अभ्यास केला आहे; अशी माणसे भावना अधिक चांगल्या हाताळतात. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिले की भीती किंवा राग दाखवणाऱ्या चेहऱ्याला नुसते शब्दात नाव दिले तरी मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, अमिग्डालाची, हालचाल कमी होते.

दुसरे, स्वतःचे नियमन. इथे मोठा गैरसमज आहे. नियमन म्हणजे भावना गिळणे असे समजले जाते. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या आराखड्यात पाच ठिकाणे दाखवली आहेत, जिथे आपण भावनेच्या प्रवाहात हात घालू शकतो. कोणत्या प्रसंगात जायचे ते ठरवणे. प्रसंगच थोडा बदलणे. लक्ष दुसरीकडे वळवणे. घडलेल्याचा नव्याने अर्थ लावणे. आणि शेवटी, भावना उसळल्यावर चेहरा आणि आवाज आवरणे. चेहरा आवरणे हे सर्वात उशिराचे आणि सर्वात महागडे. प्रयोगांत दिसले की भावना दाबून धरणाऱ्याला त्या वेळची बोलणी नीट आठवत नाहीत, आतली अस्वस्थता कमी होत नाही, आणि समोर बसलेल्या माणसाचाही रक्तदाब वाढतो. "तोंडावर दाखवायचे नाही" या शिकवणीत वाढलेल्या मुली-सुनांना हे प्रयोगाशिवाय माहीत आहे.

अर्थ नव्याने लावणे जास्त टिकाऊ ठरते, पण त्याची अट आहे: नवा अर्थ खरा असला पाहिजे. "साहेब ओरडले कारण ते घाईत होते" हे खरे असेल तर उपयोगी. तेच साहेब रोज एकट्या तुमच्यावरच ओरडत असतील, तर हा अर्थ म्हणजे स्वतःची फसवणूक. तिथे प्रसंग बदलणे, म्हणजे तारीख-वेळेसह लेखी नोंद ठेवणे, संघटनेला सांगणे, तक्रार करणे, हेही भावनिक नियमनच आहे, आणि ग्रॉस यांच्या आराखड्यातही त्याला जागा आहे.

बाकीच्या तीन कौशल्यांवर इथे थोडक्यात. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे, न तोडता नाही म्हणणे, मतभेद असताना माणूस न गमावणे, निर्णयाचा फटका कोणाला बसेल याचा आधी विचार करणे. जयंतीच्या नियोजनाची एक बैठक पाहिली तरी यातले काय आपल्याकडे आहे आणि काय नाही ते कळते. वर्गणीच्या हिशेबावरून मंडळ फुटते तेव्हा भांडण बहुतेक वेळा पैशाचे नसते; 'मला विचारले नाही' याचे असते.

मार्शमेलोची गोष्ट पूर्ण ऐका

संयमावर बोलणारा प्रत्येक वक्ता एक गोष्ट सांगतो. स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत लहान मुलांसमोर गोड खाऊ ठेवला: आता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. जी मुले थांबली ती पुढे परीक्षेत सरस निघाली. तात्पर्य: संयम ठेवा, यश मिळेल. टाळ्या.

गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांवर छोटा प्रयोग केला. अर्ध्या मुलांना आधी "थांब, चांगले रंग आणून देते" असे सांगून खरोखर आणून दिले. अर्ध्यांना सांगितले आणि आणलेच नाहीत. मग खाऊची परीक्षा. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना फसवले गेले ती ३ मिनिटे. ज्या जगात दिलेला शब्द मोडतो तिथे हातातले खाऊन टाकणे हा अविचार नसून हिशेब आहे. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती पाहिली. घरची परिस्थिती आणि सुरुवातीची बौद्धिक वाढ लक्षात घेतल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध फारच क्षीण उरला.

शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष उलटले तरी खात्यात न येणाऱ्या विद्यार्थ्याला "दीर्घकालीन विचार कर" असे सांगणाऱ्यांनी हे दोन अभ्यास जरूर पाहावेत.

जात पुकारली की काय होते

आमच्या मते या सगळ्या विषयातला आपल्यासाठी सर्वात मोलाचा अभ्यास उत्तर प्रदेशातल्या गावांत झाला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी सहावी-सातवीच्या ३२१ उच्चजातीय आणि ३२१ तथाकथित खालच्या जातींच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्यामागे पैसे. हा अभ्यास २००४ मध्ये जागतिक बँकेने आणि २००६ मध्ये अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या नियतकालिकाने प्रसिद्ध केला.

जेव्हा जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या गटांत प्रयोगाआधी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे आणि आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली, आणि मुलाने मान हलवून होकार द्यायचा. बस्स, एवढेच. त्यानंतर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची सुटलेली कोडी लक्षणीय कमी झाली. मुले तीच, बुद्धी तीच, हात तेच.

पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. बक्षीस कोणाला मिळणार हे चिठ्ठी काढून ठरणार असे सांगितले, म्हणजे त्यात माणसाचा निवाडा उरला नाही, तेव्हा ही दरी नाहीशी झाली. संशोधकांचा निष्कर्ष असा की जात समोर आणली की आपल्याला पूर्वग्रहाने जोखले जाणार, ही अपेक्षा मुलांच्या मनात जागी होते. याला न्यूनगंड म्हणून चालणार नाही. अनुभवाने शिकवलेला तो अंदाज आहे.

क्लॉड स्टील आणि जोशुआ आरॉन्सन यांनी १९९५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत अशीच गोष्ट मांडली होती, आणि तिला 'साच्याचे दडपण' म्हणता येईल. प्रामाणिकपणे सांगायचे तर या कल्पनेच्या नंतरच्या काही मोठ्या चाचण्यांत परिणाम पहिल्यापेक्षा बराच कमी दिसला. म्हणून प्रत्येक अपयशाला हे कारण लावू नये. पण मुलाखतीच्या खोलीत काय चालते, याचा पुरावा वेगळा आहे. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे बदलली. दलित नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्यावर बोलावले जाण्याची शक्यता उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. मुस्लिम नावाला तर त्याहून कितीतरी कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की "कौटुंबिक पार्श्वभूमी" विचारणे त्यांना अगदी साहजिक वाटते. त्या प्रश्नाला मुलगा क्षणभर गप्प होतो आणि शेऱ्यात लिहिले जाते: आत्मविश्वास कमी.

राग कुठे ठेवायचा

कार्यकर्ते आम्हाला विचारतात, भावना आवरायला शिकलो तर चळवळीतला राग जाणार नाही का? याचे उत्तर नॅशव्हिल शहरात सापडते, आणि त्याचा एक धागा नागपूरला येतो.

जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय मेथडिस्ट धर्मोपदेशक १९५० च्या दशकात काही वर्षे नागपूरला होते, हिस्लॉप कॉलेजशी त्यांचा संबंध होता. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा सुरू केल्या. डायन नॅश, जॉन लुईस हे त्यांतले. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसायचे होते. तयारी कशी? अर्धे विद्यार्थी हल्लेखोर व्हायचे: शिव्या द्यायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, खुर्चीवरून ढकलायचे. बाकीचे बसून राहायचे. मग बोलणे: तुला काय वाटले, हात कुठे गेला, कोणत्या शब्दाला फुटलास. पुन्हा भूमिका बदलायच्या. १३ फेब्रुवारी १९६० रोजी ते प्रत्यक्ष जाऊन बसले. त्यांना मारहाण झाली, अटका झाल्या. १० मे रोजी शहराच्या मध्यवस्तीतल्या सहा दुकानांनी कृष्णवर्णीयांना वाढायला सुरुवात केली.

या विद्यार्थ्यांना राग नव्हता असे कोण म्हणेल? तो कधी, कुठे आणि कशासाठी वापरायचा हे त्यांनी आधी ठरवले होते, आणि एकट्याने न ठरवता गटाने ठरवले होते. महाडला २० मार्च १९२७ रोजी हल्ला झाल्यावर उलटून मारायला तयार झालेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरून धरले, तेही याच जातीचे कौशल्य. अधिकाऱ्याने "शांत बसा" म्हणणे आणि आपल्या माणसांनी "आज हात उचलायचा नाही, उद्या कोर्टात जायचे" असे ठरवणे, दोन्हींत बाहेरून शांतताच दिसते. पण पहिली लादलेली असते, दुसरी कमावलेली.

दुसऱ्याचे दुःख वाहून थकणारे

अत्याचाराच्या प्रकरणात धावणारे, पीडित कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात रात्र काढणारे कार्यकर्ते काही वर्षांत गळून जातात, चिडचिडे होतात किंवा दगड होतात. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या संशोधनात याचा एक धागा सापडतो. दुसऱ्याचे दुःख आपल्यात उतरवून घेण्याचा सराव केलेल्यांना दुःखाची चित्रफीत पाहून अधिक त्रास झाला. त्यांनाच नंतर करुणेचा, म्हणजे समोरच्याचे भले व्हावे या इच्छेचा सराव दिला, तेव्हा दुःखाची जाणीव तशीच राहूनही मन सावरले. हा सराव बौद्ध परंपरेतल्या मैत्रीभावनेवर आधारलेला होता. आपण मैत्री आणि करुणा हे शब्द विहारात रोज उच्चारतो. त्यांतला भेद प्रयोगशाळेत तपासला जातो आहे, आपल्याकडे मात्र त्याचा सराव कमीच.

अभ्यासिकेत काय करता येईल

आठवड्यातून एक तास पुरे. मुलाखतीचा सराव घ्या आणि त्यात "वडील काय करतात?", "आडनाव कुठले?", "आरक्षणातून आलात का?" हे प्रश्न मुद्दाम विचारा. पहिल्यांदा घसा कोरडा पडेल, चौथ्यांदा पडणार नाही. प्रत्येकाने आपले खरे, छोटे उत्तर तयार ठेवावे: "वडील सफाई कामगार आहेत, मी घरातली पहिली पदवीधर आहे," आणि तिथे थांबावे. सरावानंतर काय वाटले ते 'टेन्शन' हा शब्द न वापरता सांगायचे, हा एकच नियम पाळा. मुलींना वेगळा वेळ लागला तर द्या. घरी मोठ्यांसमोर नाही म्हणण्याचा सराव त्यांच्या मुलाखतीपेक्षा अवघड असतो.

मंडळाच्या बैठकीत निर्णयापूर्वी न बोललेल्याला आधी विचारा.

आणि एक भेद ध्यानात ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही, किंवा जगू नये असे विचार येत आहेत, तर तिथे कौशल्याची कमतरता शोधत बसू नये. डॉक्टरकडे जायला हवे. वसतिगृहातल्या मित्राच्या बाबतीत हे दिसले तर त्याला एकटे सोडू नका. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.